जाळीमागे बसलेला कापूस: एका सहाचाकीचा इंटरकूलर उतरवून, धुऊन, तपासून परत बसवताना

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-तळेगाव रस्त्यावर मे महिन्यात येणाऱ्या मालगाड्यांची तक्रार ठरलेली असते. "भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली, घाटात नुसता धूर मारते." यावेळची गाडी सहाचाकी, २०१५ ची बीएस-३ (धुराच्या जुन्या सरकारी नियमांतली), चार सिलिंडरची टर्बो डिझेल. दिवाळीपासून मार्चपर्यंत गावागावांतून जिनिंगला कापूस आणि परतीला सरकी, पुढे चणा-गहू, असं तिचं वर्ष गेलेलं. मालकाला आधीच दोन निदानं मिळाली होती. एकानं टर्बो बसला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं डिझेल पंप कॅलिब्रेशनला काढायला. दोन्ही कामं महागडी, आणि दोन्हींमध्ये हवा कुठून येते, किती गरम येते हे कोणी मोजलंच नव्हतं. म्हणून पहिला दिवस आम्ही फक्त मोजण्यात घातला.

मोजायचं काय, हे आधी स्पष्ट हवं. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप. तो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ४५ अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १४५ अंशांच्या आसपास असते. जानेवारीतल्या १५ अंशांच्या पहाटे तेच गणित १०५ वर थांबतं. गरम हवा पातळ असते, म्हणजे त्याच दाबाला तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. इंटरकूलर ही दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करतो. १४५ अंशांची हवा त्यातून ७५ वर आणली तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये २० टक्के जास्त हवा जाते. गोष्ट सुपरचार्जरचीही तीच. तो पट्ट्यावर किंवा गिअरवर फिरतो एवढाच फरक, दाबलेली हवा दोन्हीकडे तापतेच. १९४२ मध्ये स्पिटफायर विमानात मर्लिन ६० मालिकेचं इंजिन आलं, त्यात दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता आणि त्यापाठोपाठ पाण्यावर चालणारा इंटरकूलर बसवावाच लागला. आपल्या मालगाडीत तेच काम रेडिएटरपुढची ॲल्युमिनियमची जाळी करते, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर.

बीएस-३ गाडीत काळा धूर का येतो, तेही इथेच कळतं. या डिझेल पंपावर बूस्टचा, म्हणजे टर्बोनं वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, डायफ्राम (दाबानं हलणारा पातळ पडदा) असतो. बूस्टचा दाब जितका, तितकं डिझेल तो सोडतो. त्याला दाब कळतो, तापमान कळत नाही. इंटरकूलर चोंदला की दाब बऱ्यापैकी दिसतो, पण हवा पातळ असते. डिझेल दाबाच्या हिशेबानं जातं आणि जळायला ऑक्सिजन पुरत नाही. बहुतेक बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांत इनटेकवरच, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथेच, तापमानाचा सेन्सर असतो, त्यामुळे हवा फार गरम झाली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल कमी करतो. तिथे धूर फारसा दिसत नाही, गाडी फक्त मेल्यासारखी चढते, आणि म्हणूनच इंटरकूलरवर संशय जायला जास्त वेळ लागतो.

मोजमापासाठी तापमान मोजणारा के-टाइप वायरचा प्रोब लागणारे दोन साधे मल्टिमीटर घेतले. एक प्रोब टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या लोखंडी पाइपावर, दुसरा इंटरकूलरकडून इनटेकला जाणाऱ्या पाइपावर. पाइप काचपेपरनं घासून, प्रोबचं टोक धातूला घट्ट टेकवून, वरून ग्लासवूलची पट्टी आणि बाइंडिंग वायर. पट्टी विसरली तर वारा लागून आकडा २०-२५ अंशांनी खोटा येतो. पाइपाचा पृष्ठभाग आतल्या हवेपेक्षा थंड असतो, त्यामुळे हे आकडे हवेचं खरं तापमान सांगत नाहीत. पण आधी आणि नंतर एकाच जागी मोजलं तर तुलनेला पक्के असतात. इन्फ्रारेड गननं उभ्या गाडीवर झटपट बघता येतं, मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ती गन साफ खोटं बोलते, ९० अंशांचा पाइप ५० दाखवते. त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची, मिनिटभर थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा. बूस्टसाठी पंपाच्या डायफ्रामकडे जाणाऱ्या बारीक नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून २ बारचा गेज केबिनमध्ये घेतला.

सात टन माल तसाच ठेवून तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात, दुपारी तीन वाजता, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून चढवली. बाहेर ४४ अंश. इंटरकूलरच्या आधी १२०, नंतर ८८. बूस्ट ०.९ बार, जो या इंजिनाला १.१ तरी हवा. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी पूर्ण लोडवर इनटेकची हवा बाहेरच्या हवेपेक्षा २५ ते ३० अंशांपर्यंत जास्त चालते. इथे फरक ४४ चा होता. म्हणजे दोन रोग एकत्र: जाळी चोंदलेली आणि कुठेतरी हवा गळते.

गळती आधी डोळ्यांनी शोधली. दाबाची हवा गळते तिथे तिच्यासोबत तेलाचा बारीक फवारा बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसून काळा ओला डाग तयार होतो. टर्बोकडच्या होजच्या (पाइप जोडणाऱ्या रबरी नळीच्या) खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी मागे, असा तळहाताएवढा डाग सापडला. होज वरून ठणठणीत दिसत होता. अशा ठिकाणी हात खालून फिरवायचा. बोटाला मऊ, फुगलेला भाग लागला की आतला थर तेल पिऊन सुटलेला असतो आणि बूस्ट आला की तिथे फुगा येतो.

मग गाडीवरच हवेची चाचणी. एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा होज काढला आणि टर्बोच्या तोंडावर लेथवर काढलेला नायलॉनचा बूच बसवला. बुचाच्या मध्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवलेला. क्लिप आवळून, बूच तारेनं इंजिनाला बांधला. हे बांधणं कधीच टाळू नये, १ बारवर सुटलेला बूच माणसाच्या तोंडावर बसला तर दात जातात. रेग्युलेटर लावून हवा १ बारवर ठेवली, त्याच्या वर नेली नाही, कारण टर्बोचं सील यासाठी बनलेलं नसतं. मग शाम्पूचं पाणी स्प्रे बाटलीनं सगळ्या जोडांवर मारलं. सायलेन्सरमधून आणि ऑइल भरायच्या तोंडातून थोडा सूसू आवाज येतोच, कारण एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात आणि रिंगांतूनही थोडी हवा उतरते. तो आवाज गळती समजून घाबरायचं नाही. जास्तच वाटला तर क्रँक थोडा फिरवून पुन्हा बघायचं. इथे तोच होज फेसाळला आणि शिवाय इंटरकूलरच्या डाव्या टाकीखाली एका जागी बारीक बुडबुडे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काम सुरू केलं, कारण नवतप्यात अकरानंतर पत्र्याच्या शेडखाली पाना हातात धरवत नाही. समोरची ग्रिल, दोन्ही बाजूंचे पत्रे आणि इंटरकूलरचे चार बोल्ट. कुलंट काढायची गरज पडली नाही, रेडिएटर जागेवरच राहिला. इंटरकूलर वर उचलताच दिसलं ते दृश्य दरवर्षीचं, तरी दरवेळी थांबून बघावंसं वाटतं. समोरून जाळी जवळजवळ स्वच्छ. मागची बाजू, म्हणजे इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधली तीन-चार सेंटिमीटरची फट, तिथे कापसाची गादी. बोटाच्या पेराएवढी जाड, राखाडी, तेलकट, मध्ये सरकीची टरफलं, गव्हाचा कोंडा आणि पाखरांचे पंख. धाग्याचं टोक धरून ओढली तर वीतभर रुंद पट्टा सलग निघून आला. इंटरकूलरच्या पट्ट्यांमधली फट रेडिएटरपेक्षा मोठी असते, म्हणून जिनिंगच्या आवारात उडणारे तंतू पुढची जाळी पार करतात आणि रेडिएटरच्या तोंडावर अडकतात. समोरून टॉर्च मारून "साफ आहे" म्हणणाऱ्याला ही गादी कधीच दिसत नाही. विदर्भात कापसाच्या कामाला लागलेल्या प्रत्येक गाडीत ती असते असं धरून चालावं.

इथे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी पाणी मारणं. कोरडा तंतू हातानं निघतो, भिजला की त्याचा नमदा होतो आणि जाळीत घट्ट बसतो. म्हणून सगळं आधी कोरडं काढलं. मोठा भाग हातानं, उरलेला रंगाच्या मऊ ब्रशनं, पट्ट्यांच्या दिशेनं, आडवा कधीच नाही. मग हवा. कॉम्प्रेसर २ ते अडीच बारवर, एअर गन जाळीपासून वीतभर लांब, सरळ काटकोनात, आणि मागून पुढे, म्हणजे वारा ज्या दिशेनं येतो त्याच्या उलट. गन तिरकी धरली किंवा टेकवली तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गव्हाच्या ओंब्यांसारख्या आडव्या होतात. आडवी पडलेली पट्टी चोंदलेल्या पट्टीइतकीच निकामी. आधीच कोणीतरी सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपानं उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग आडवा केलेला होता. बोथट केलेल्या बारीक पेचकसानं एकेक रांग उभी करायला पाऊण तास गेला.

कोरडं झाल्यावर तेलकट थरासाठी कोमट पाण्यात गाड्या धुण्याचा शाम्पू, दहा मिनिटं भिजत ठेवून साध्या नळीच्या पाण्यानं मागून पुढे धुतलं. कॉस्टिक सोडा आणि तेजाब या दोन वस्तू ॲल्युमिनियमजवळ आणू नयेत. मिनिटाभरात जाळी पांढरी चकचकीत होते आणि पुढच्या हंगामात पातळ होऊन गळू लागते. ते चकाकणं म्हणजे धातू खाल्ला गेल्याची खूण. रेडिएटरची पुढची बाजूही तशीच, कोरडी आधी आणि ओली नंतर, पण फॅनच्या बाजूनं हवा मारून.

मग आतली बाजू. इंटरकूलर उभा करून तोंड खाली केलं तर चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढं ऑइल निघालं. आतल्या भिंतीवर तेलाचा पातळ हात असणं चालतं, तसा तो जवळजवळ प्रत्येक टर्बो गाडीत असतो. ओतता येईल एवढं निघालं तर ते कुठून आलं याचा शोध लागलाच पाहिजे. टर्बोचा शाफ्ट हातानं हलवून बघितला. आडवा किंचित खेळ होता, तो असतोच, कारण शाफ्ट तेलावर तरंगतो. पुढे-मागे खेळ जाणवला नाही आणि चाकाची पाती घराला घासल्याची खूण नव्हती. टर्बो चांगला होता. दोष निघाला एअर फिल्टरमध्ये. तोही कापसानं भरलेला. फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी जोराची ओढ तयार होते आणि ती सीलमधून आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल खेचून घेते. तेच तेल पुढे होज फुगवतं आणि जाळीवर धूळ चिकटवतं. एकाच कापसानं तीन ठिकाणी काम केलं होतं. फिल्टर झटकून परत लावण्यात अर्थ नव्हता, तो नवीन टाकला.

आत धुवायला पूर्वी रॉकेल वापरायचे, आता ते मिळत नाही, डिझेल चालतं. दोन लिटर आत ओतून, दोन्ही तोंडं बुजवून, दहा मिनिटं सगळ्या बाजूंनी कलंडवून काढलं. पहिलं काळं निघालं, दुसऱ्यांदा चहासारखं, तिसऱ्यांदा स्वच्छ. नंतर गरम पाणी आणि शाम्पू दोनदा, साधं पाणी दोनदा, हवा मारून पाणी काढलं आणि तोंडं खाली करून चार तास उन्हात. मे महिन्याचं ऊन इथे कामाला येतं. पावसाळ्यात हेच वाळवायला दीड दिवस लागतो आणि घाई केलेली महागात पडते. आत डिझेल राहिलं आणि गाडी चालू केली तर इंजिन ते इंधन म्हणून ओढतं आणि चावी बंद केली तरी पळतच राहतं, कारण पंपानं दिलेल्या डिझेलवर ते चालतच नसतं. म्हणून बसवण्याआधी तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायचा. किंचितही डिझेलचा वास असेल तर परत उन्हात. शिवाय पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या तोंडाजवळ सपाट फळी घेऊन एक माणूस उभा हवा. इंजिन पळालं तर फळीनं हवा बंद करायची, हातानं कधीच नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. टर्बोचं कॉम्प्रेसर चाक तुटलेलं असेल तर इंटरकूलर धुण्याच्या भानगडीत पडू नये, बदलावा. ॲल्युमिनियमचे कण नळ्यांच्या आत लाटांसारख्या दुमडलेल्या पट्ट्यांत रुततात, कितीही धुतलं तरी सगळे निघत नाहीत, आणि एखाद्या घाटात सुटून थेट सिलिंडरमध्ये जातात.

वाळलेला इंटरकूलर बाकावर तपासला. दोन्ही तोंडांना नायलॉनचे बूच, साखळीनं एकमेकांना बांधलेले, ३० पीएसआय म्हणजे सुमारे २ बार हवा, मग हवा बंद करून गेजवर नजर. मोठ्या डिझेलच्या मॅन्युअलमध्ये १५ सेकंदांत ५ ते ७ पीएसआयपर्यंत घट मान्य असते. लोक इंटरकूलर टायरच्या ट्यूबसारखा शंभर टक्के बंद हवा असं समजतात, तसं नाही. इथे १५ सेकंदांत १२ पीएसआय उतरले. मग दाब अर्धा करून पाण्याच्या टाक्यात बुडवला. डाव्या टाकीच्या खालच्या वेल्डजवळ, जिथे लटकवण्याचा कान जोडलेला आहे, तिथून मण्यांची माळ. कानाचं रबर बुश फाटलेलं होतं आणि रस्त्याचे सगळे धक्के थेट वेल्डवर जात होते. टाकी पूर्ण ॲल्युमिनियमची असल्यामुळे आर्गॉन वेल्डिंग शक्य होतं. जागा स्टीलच्या ब्रशनं घासली, थिनरनं तेल काढून पूर्ण सुकवली, आणि मगच वेल्डिंगवाल्याकडे नेली. तेलकट ॲल्युमिनियमवर आर्गॉन धरत नाही, वेल्ड भोकाभोकांचा होतो. इपॉक्सी लावून भागवण्याचा प्रयत्न बऱ्याच गाड्यांत दिसतो. गरम-थंड होण्यात आणि दाबाच्या धक्क्यात तो महिनाभरही टिकत नाही. वेल्डनंतर तीच चाचणी: १५ सेकंदांत २ पीएसआय. बुश दोन्ही बाजूंचे बदलले.

होजबद्दल एक मत ठामपणे मांडतो. बाजारात निळा-लाल सिलिकॉन होज स्वस्तात मिळतो आणि तो कुठेही लावला जातो. साधं सिलिकॉन उष्णता सोसतं, पण तेल सोसत नाही. टर्बोकडची बाजू गरम आणि तेलकट, तिथे आतून फ्लोरोसिलिकॉनचा अस्तर असलेलाच होज घ्यावा किंवा कंपनीचा मूळ. इंटरकूलर ते इनटेक या थंड बाजूला चांगलं रबर पुरतं. बसवताना पाइपाचं तोंड आणि होजची आतली बाजू थिनरनं पुसून कोरडी केली. ग्रीस किंवा ऑइल लावून होज सरकवणं ही सवय मोडायला हवी, पहिल्याच घाटात तो सरकून निघतो. होज पाइपाच्या तोंडाजवळच्या उठावदार कडेवरून पलीकडे २५ मिमी गेला पाहिजे आणि क्लिप त्या कडेच्या मागे, होजच्या टोकापासून ५-६ मिमी आत. कडेवर किंवा कड आणि पाइपाचं तोंड यांच्या मध्ये क्लिप आवळली तर ती दिसायला घट्ट असते आणि दाब आला की होज ढकलून देते. गरम बाजूला टी-बोल्ट क्लिप, सुमारे ८ न्यूटन मीटर. साध्या स्क्रूच्या क्लिपला ५ न्यूटन मीटर. जीव खाऊन आवळलेली क्लिप होजमध्ये रुतते आणि तो तिथेच कापला जातो.

परत बसवताना अजून एक वस्तू, जी जवळजवळ कोणीच परत लावत नाही: बाजूच्या फोमच्या पट्ट्या. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या कडेची मोकळी जागा बुजवण्यासाठी त्या असतात. त्या नसल्या की वारा जाळीतून जाण्याऐवजी सोपी वाट धरून कडेनं निसटतो, आणि हळू चालीत फॅन इंजिनाकडची गरम हवा फिरवून परत पुढे आणतो. या गाडीत एकही पट्टी शिल्लक नव्हती. २५ मिमी जाडीचा बंद छिद्रांचा काळा फोम कापून चारही बाजूंनी लावला. उघड्या छिद्रांचा गादीचा फोम चालत नाही, तो पाणी धरून ठेवतो आणि ॲल्युमिनियम खातो. फॅनचं आच्छादनही एका कोपऱ्यात तुटलेलं होतं, त्याला पत्र्याची पट्टी रिव्हेट केली.

तिसऱ्या दिवशी त्याच घाटात, त्याच वेळी, तेवढ्याच मालावर. बाहेर ४३. इंटरकूलरच्या आधी १३१, नंतर ६६, बूस्ट १.१ बार. आत जाणाऱ्या पाइपाचं तापमान १२० वरून १३१ झालं याची चिंता नको. बूस्ट वाढला म्हणजे हवा जास्त दाबली गेली, ती जास्त तापणारच. बाहेरच्या हवेशी फरक ४४ वरून २३ वर आला. दाब आणि तापमान दोन्ही धरून हिशेब केला तर प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्ये जाणारी हवा सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. काळा धूर गिअर बदलतानाच्या झटक्यापुरता उरला. पंपाला हात लावलेला नव्हता, टर्बोलाही नाही.

गाडी देताना चालकाला दाखवून सांगितलेल्या गोष्टी चारच. ग्रिलवर ओलं पोतं बांधायचं नाही. पोत्यानं थंडावा येतो असं वाटतं, पण ते वारा अडवतं, आणि तासाभरात सुकल्यावर तर निव्वळ पडदाच होतो. कापसाच्या हंगामात समोर जाळी लावायची असेल तर ५-६ मिमी भोकांची, ग्रिलपासून चार बोटं पुढे, बिजागरीवर उघडणारी, आणि जिनिंगमधून निघताना दर खेपेला झटकायची. मच्छरदाणीची बारीक जाळी नको, ती पन्नास किलोमीटरमध्ये भरते. सगळ्या क्लिपांच्या स्क्रूवर आणि होजवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून दिली. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, एकदा पाना लावायचा. रेघ तुटलेली दिसली तर क्लिप फिरली किंवा होज सरकला, तेवढं बघून पुन्हा आवळायचं. आणि जानेवारीच्या शेवटी, हंगाम अर्धा झाला की, इंटरकूलरचे चार बोल्ट काढून मागची फट बघायला गाडी आणायची.